सोनोग्राफीच्या रिपोर्टात तारीख का बदलते?

गरोदर बाईच्या फाइलमध्ये सोनोग्राफीचे तीन कागद असले की घरात एक वाद हमखास होतो. समजा, शेवटची पाळी १ जानेवारीला आली, म्हणजे संक्रांतीच्या दोन आठवडे आधी. त्या हिशेबाने बाळंतपणाची तारीख निघते ८ ऑक्टोबर. बाराव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीच्या कागदावर १० ऑक्टोबर लिहिलेलं असतं. विसाव्या आठवड्यातला कागद ६ ऑक्टोबर म्हणतो. ऑगस्टमध्ये, तेहतिसाव्या आठवड्यात, तिसरी सोनोग्राफी होते आणि कागदावर येतं १९ ऑक्टोबर. शेजारी आणखी एक ओळ असते: बाळाचं वय ३१ आठवडे ३ दिवस.

सासू म्हणते, मशीनच खराब आहे. नवरा म्हणतो, आपलीच तारीख चुकली असेल. सून गप्प असते, पण तिच्या मनात तिसरीच शंका असते: बाळ दीड आठवड्याने मागे पडलं का?

हा वाद पुण्या-मुंबईतही होतो. पण गोंदिया तालुक्यातल्या, लहरीबाबांच्या आश्रमामुळे ओळखल्या जाणाऱ्या कामठ्यासारख्या गावात तो जास्त रेंगाळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहसा सोनोग्राफीचं यंत्र नसतं. त्यासाठी गोंदिया गाठावं लागतं, बाई गंगाबाई महिला रुग्णालय किंवा एखादं खासगी केंद्र. तिथे गर्दी असते. तपासणी होते, कागद हातात पडतो आणि त्यावरच्या आकड्यांचा अर्थ परतीच्या गाडीत आपापल्या परीने लावला जातो. तिन्ही तारखा एकाच वेळी बरोबर असू शकतात का? एका अर्थाने असू शकतात. ते कसं, हे समजायला यंत्र नेमकं काय मोजतं इथून सुरुवात करावी लागते.

आवाजाने अंतर मोजायचं

सोनोग्राफीत क्षकिरण नसतात. असतो तो आवाज, पण आपल्या कानाला न ऐकू येणारा. माणसाला सेकंदाला जास्तीत जास्त २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटावर फिरवतात त्या प्रोबमधून साधारण ३५ लाख कंपनांचा आवाज निघतो. प्रोबच्या टोकाशी असलेले स्फटिक विजेचा झटका मिळाला की थरथरतात आणि आवाज सोडतात. परत आलेला आवाज त्यांच्यावर आदळला की उलट वीज तयार करतात. बोलणं आणि ऐकणं दोन्ही तेच करतात.

शरीराच्या मऊ भागातून हा आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. दहा सेंटीमीटर खोलीवरच्या हाडावर आपटून परत यायला त्याला सेकंदाचा सात-आठ हजारावा भाग लागतो. यंत्र तेवढा वेळ मोजतं, वेगाने गुणतं, दोनाने भागतं आणि पडद्यावर योग्य जागी एक ठिपका ठेवतं. हाडावरून प्रतिध्वनी जोरात येतो म्हणून हाड पांढरं दिसतं. पाण्यातून काहीच परत येत नाही म्हणून गर्भजल काळं दिसतं. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा थर राहिला तर आवाज आत शिरण्याआधीच मागे फिरतो. ती थंडगार जेल लावतात ती एवढ्याचसाठी.

हे तंत्र दवाखान्यात आलं ते कारखान्यातून. बॉयलरच्या लोखंडात आतून भेग गेली आहे का हे बघायला आवाजाची यंत्रं वापरत. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर कंपनीत गेले आणि त्या यंत्राखाली धरून पाहिल्या. पाण्याची गाठ आणि मांसाची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे निघाले. १९५८ मध्ये त्यांनी जॉन मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राउन यांच्यासोबत ‘लॅन्सेट’मध्ये निबंध छापला. पुढे बाळाचं डोकं मोजण्याची पद्धत स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी १९६८ मध्ये बसवली आणि सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची लांबी मोजण्याची पद्धत ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये. आजच्या रिपोर्टवरची बरीच अक्षरं त्या दीड-दोन दशकांतली आहेत.

डोकं, पोट, मांडी

पहिल्या तीन महिन्यांत बाळ एवढं लहान असतं की सरळ डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजता येते. बाराव्या आठवड्यात ती साधारण साडेपाच सेंटीमीटर भरते. चौदाव्या आठवड्यानंतर बाळ वाकतं, पाय दुमडतं आणि सबंध लांबीचा भरवसा राहत नाही. मग तुकड्या-तुकड्याने मोजायचं: डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी.

मांडीचं हाड त्यातल्या त्यात सोपं. ते पडद्यावर आडवं, ठळक पांढरं दिसलं पाहिजे, दोन्ही टोकं स्पष्ट हवीत. तिरकं धरलं तर आखूड भरतं. डोक्यासाठी मेंदूतल्या ठरावीक खुणा एकाच चित्रात याव्या लागतात. तरच काप योग्य पातळीवर पडला असं म्हणता येतं.

खरी परीक्षा पोटाची. पोटाला हाडाची चौकट नाही, ते दाबलं की चपटं होतं. डॉक्टर प्रोब हळूहळू तिरकी करत जातात आणि नजर तीन गोष्टी शोधत असते: जठराचा काळा ठिपका, यकृतात वळणारी नाळेची शीर आणि दोन्ही बाजूंना एकेक बरगडी. काप गोल हवा. लंबगोल दिसला तर प्रोब तिरकी आहे किंवा हात जास्त दाबला गेलाय. बाळ हललं की सगळं पुन्हा. मग क्षणभर सगळं जुळतं, डॉक्टर चित्र गोठवण्याचं बटण दाबतात, कातडीच्या बाहेरच्या कडेवर अधिकची बारीक चिन्हं ठेवतात आणि घेराची तुटक रेघ पोटाभोवती बसवतात. ही रेघ कडेच्या किंचित आत बसली की बाळ कागदावर बारीक होतं, बाहेर गेली की जाड. पोटातल्या बाळाला त्याची काही खबर नसते.

बाई टेबलावर आडवी असते तेव्हा डॉक्टर पाच-सात मिनिटं काहीच बोलत नाहीत, एकाच जागी प्रोब फिरवत राहतात आणि तिला वाटतं काहीतरी वाईट दिसलंय. बहुतेक वेळा ते फक्त गोल पोट शोधत असतात.

> रिपोर्टवरची अक्षरं
>
> एलएमपी: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. गरोदरपणाचे आठवडे इथून मोजतात, गर्भ राहिल्याच्या दिवसापासून नाही.
>
> ईडीडी: बाळंतपणाची अपेक्षित तारीख, एलएमपीपासून २८० दिवस.
>
> सीआरएल: सुरुवातीच्या महिन्यांतली बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी.
>
> बीपीडी, एचसी: डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर.
>
> एसी: पोटाचा घेर.
>
> एफएल: मांडीच्या हाडाची लांबी.
>
> एयूए: या मापांवरून यंत्राने काढलेलं सरासरी वय. हे बाळाचं खरं वय नव्हे.
>
> ईएफडब्ल्यू: वजनाचा अंदाज.
>
> एएफआय: गर्भजल किती आहे याचं माप.

दोन मिलिमीटरची किंमत

आता तारखेकडे वळू. यंत्राला बाळाचं वय दिसत नाही. त्याला फक्त आकार दिसतो. एवढ्या आकाराची बाळं सरासरी किती आठवड्यांची असतात, हे त्याच्या पोटातल्या तक्त्यात भरलेलं आहे. तो तक्ता बघून ते वय सांगतं आणि त्या वयावरून पुढची तारीख काढतं. दर वेळी हा हिशेब ते नव्याने करतं. मागच्या कागदावर काय होतं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

बाराव्या आठवड्याच्या सुमारास बाळाची लांबी रोज जवळपास दोन मिलिमीटरने वाढते. मोजताना दोन मिलिमीटरची चूक झाली तर वयात फरक पडतो एका दिवसाचा. शिवाय या काळात सगळी बाळं जवळपास सारखीच वाढतात. आई उंच की बुटकी, खाऊनपिऊन सुखी की ओढगस्तीची, याचा परिणाम अजून फारसा दिसत नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतल्या मापावरून काढलेली तारीख पाच-सात दिवसांच्या आत बरोबर येते.

चौतिसाव्या आठवड्याला डोक्याची रुंदी वाढते ती आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर. म्हणजे तीच दोन मिलिमीटरची चूक आता आठवड्याची होते. त्यात बाळाबाळांतला फरकही तोवर बराच वाढलेला असतो. कुणी घराण्याने लहान चणीचं, कुणी थोराड. या टप्प्यावर निव्वळ आकारावरून वय सांगायचं तर तीन आठवडे इकडे-तिकडे होऊ शकतात.

म्हणून नियम असा: पाळीची तारीख पक्की आठवत असेल आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी तिच्याशी सात दिवसांच्या आत जुळत असेल, तर पाळीची तारीख कायम. त्याहून जास्त फरक असेल, किंवा तारीख आठवतच नसेल, तर पहिल्या सोनोग्राफीची तारीख कायम. एकदा ठरली की पुढच्या कुठल्याही सोनोग्राफीने ती बदलायची नाही. आपल्या उदाहरणातली तारीख ८ ऑक्टोबरच. १० आणि ६ हे त्याच उत्तराच्या आसपासचे अंदाज. आणि १९ ऑक्टोबर? ती तारीखच नव्हे. त्या ओळीचा खरा अर्थ एवढाच की ३३ आठवड्यांच्या या बाळाची मापं सरासरी ३१ आठवडे ३ दिवसांच्या बाळाएवढी आहेत. ही माहिती कामाची आहे, पण वाढीची म्हणून. तारीख म्हणून नाही.

धानाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे सांगावंच लागू नये. बांधीतलं धान गुडघाभर आहे, असं नुसतं कुणी म्हटलं तर शेतकरी आधी विचारेल, रोवणी कधीची? जुलैच्या पहिल्या आठवड्यात रोवलेलं आणि ऑगस्टमध्ये रोवलेलं, दोन्ही गुडघाभर असतील तर एक मागे पडलंय आणि दुसरं झकास आहे. तिसऱ्या सोनोग्राफीवरून तारीख पुढे ढकलणं म्हणजे मागे पडलेलं धान पाहून रोवणीचीच तारीख बदलून टाकणं. हिशेब जुळतो, पीक मात्र तसंच राहतं. हे केवळ कागदावरचं नुकसान नाही. खरोखर खुंटत चाललेलं बाळ तारीख बदलल्यामुळे ‘वयाच्या मानाने ठीक’ ठरतं आणि हातातला वेळ निघून जातो.

रोवणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात वाकून असलेल्या बाईला पाळीची तारीख लिहून ठेवायला सवड नसते. पोळा, काजळतीज, दिवाळी अशा खुणांवरून आशाताई तारीख काढतात आणि ती आश्चर्य वाटावं इतकी जवळ येते. पण म्हणूनच पहिल्या तीन महिन्यांतली एक सोनोग्राफी पुढच्या चारांपेक्षा मोलाची असते. ती चुकली तर नंतर कितीही भारी यंत्र आणलं तरी ती उणीव भरून निघत नाही.

काटा नसताना वजन

पोटातल्या बाळाला काट्यावर ठेवता येत नाही. तरी रिपोर्टवर वजन असतं, तेही ग्रॅममध्ये, म्हणजे २,४१३ ग्रॅम वगैरे. शेवटच्या त्या तेराला काहीही अर्थ नाही. डोकं, पोट, मांडी यांची मापं एका सूत्रात घालून वजन काढतात. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सूत्र अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या फ्रँक हॅडलॉक यांनी १९८० च्या दशकात, जन्माआधी मोजलेली आणि जन्मानंतर वजन केलेली बाळं ताडून बसवलेलं आहे. पोटाचा घेर त्यात फार भाव खातो. बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास पोटाच्या घेरात एक सेंटीमीटरचा फरक पडला की वजनात सुमारे १०० ग्रॅमचा फरक पडतो. आणि मोजायला सगळ्यात अवघड तेच, हे वर आलंच आहे.

परिणामी हा अंदाज दहा ते पंधरा टक्के इकडे-तिकडे होणं अगदी नेहमीचं. २ किलो ४०० ग्रॅम लिहिलंय म्हणजे २ किलो १०० ते २ किलो ७०० यांमधलं काहीतरी, असं वाचावं. ‘सोनोग्राफीत तीन किलो सांगितलं होतं, निघालं पावणेतीन’ ही तक्रार प्रसूतिगृहात रोज ऐकू येते. त्यात फसवणूक नाही. अंदाजाची हद्दच तेवढी आहे.

तुलना कुणाशी? एक धागा नागपूरचा

माप कितीही अचूक घेतलं तरी ते ‘नॉर्मल’ आहे का, हे कशावर ठरतं? शंभर समवयस्क बाळं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत उभी केली आणि आपलं बाळ खालून विसावं आलं तर त्याचा सेंटाइल विसावा. पन्नासावा सेंटाइल म्हणजे बरोबर मध्य. दहाव्याच्या खाली असेल तर ‘वयाच्या मानाने लहान’ म्हणतात. इथे परीक्षेतल्या टक्क्यांशी गल्लत होते. विसावा सेंटाइल म्हणजे नापास नव्हे. पुष्कळ धडधाकट माणसं विसाव्या सेंटाइलवर जन्माला येतात.

पण ही शंभर बाळं कुठली? हॅडलॉक यांनी १९९१ मध्ये दिलेला वजनाचा तक्ता टेक्सासमधल्या ३९२ स्त्रियांच्या मोजणीवर उभा होता, आणि त्या बहुतांश मध्यमवर्गीय गोऱ्या होत्या. वर्षानुवर्षं भारतातल्या यंत्रांत तोच भरलेला आहे. कामठ्यातल्या बाईचं बाळ ह्यूस्टनच्या रांगेत उभं करायचं का, हा प्रश्न रास्त आहे.

त्याचं एक उत्तर शोधायचा प्रयत्न झाला, आणि तो गोंदियाहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर, नागपुरात झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने ‘इंटरग्रोथ-२१’ नावाचा प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाला. जगातल्या आठ ठिकाणी तो चालला: ब्राझीलमधलं पेलोटास, इटलीतलं तुरिन, ओमानमधलं मस्कत, इंग्लंडमधलं ऑक्सफर्ड, अमेरिकेतलं सिएटल, बीजिंगचा शुन्यी भाग, नैरोबीचा पार्कलँड्स भाग आणि नागपूर. नागपूरची सूत्रं केतकर नर्सिंग होममधून डॉ. मनोरमा पुरवार यांनी सांभाळली.

या प्रकल्पाने प्रश्नच वेगळा विचारला. बाळं कशी वाढतात, हे त्यांना मोजायचं नव्हतं. आईला काही कमी नसेल तर बाळ कसं वाढायला हवं, हे मोजायचं होतं. म्हणून स्त्रिया निवडल्या त्या निरोगी, १८ ते ३५ वयाच्या, तंबाखू न ओढणाऱ्या, उंची किमान १५३ सेंटीमीटर, वजन बेताचं, पंडुरोग नाही, पाळीची तारीख पक्की आणि चौदा आठवड्यांच्या आतल्या सोनोग्राफीशी जुळणारी. आठ ठिकाणांहून मिळून ४,६०७ स्त्रिया घेतल्या. चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत दर पाच आठवड्यांनी प्रत्येकीची सोनोग्राफी झाली. प्रत्येक माप तीनदा घेतलं जाई आणि मोजणाऱ्याला आकडा दिसू नये म्हणून पडद्यावरून तो लपवलेला असे. ही युक्ती मला फार आवडते. आकडा दिसला की माणूस नकळत दुसरं माप पहिल्याशी जुळवून घेतो. रेघ थोडी आत, थोडी बाहेर. आकडाच दिसला नाही तर जुळवणार कशाशी?

निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकांत आले. बाळाची सुरुवातीची लांबी, डोक्याचा घेर आणि जन्मावेळची लांबी यांत जो काही एकूण फरक दिसला, त्यातला देशादेशांमुळे पडलेला वाटा फक्त १.९ ते ३.५ टक्के होता. बाकी सगळा फरक त्या त्या गावातल्याच बाळाबाळांमधला. नागपूरच्या धडधाकट आईच्या पोटातलं बाळ आणि सिएटलच्या धडधाकट आईच्या पोटातलं बाळ, यांची हाडं जवळपास सारख्याच चालीने वाढतात. अंगणवाडीत भिंतीवर असतो तो वाढीचा तक्ताही याच विचारातून, जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये काढलेला आहे. त्यातलं भारतातलं केंद्र दिल्ली होतं.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेच दहा देशांत केलेल्या आणि २०१७ मध्ये छापलेल्या दुसऱ्या अभ्यासात देशादेशांत फरक दिसले. आईची उंची, वजन, आधीची बाळंतपणं यांचाही परिणाम दिसला. हरियाणात ‘गर्भिणी’ नावाचा मोठा अभ्यास सुरू आहे. त्याच्या माहितीवरून आयआयटी मद्रास आणि फरिदाबादच्या संशोधकांनी २०२४ मध्ये भारतीय बाळांचं वय काढण्याचं वेगळं सूत्र मांडलं. तक्ता कुठला, यावर एकाच बाळाचा निकाल बदलू शकतो. वजनाच्या अंदाजात हॅडलॉकच्या रांगेत ‘लहान’ ठरलेलं बाळ इंटरग्रोथच्या रांगेत बऱ्याचदा ‘ठीक’ ठरतं. म्हणून रिपोर्टवर कुठला तक्ता वापरला हे लिहिलेलं असावं, आणि एकाच बाईच्या सगळ्या सोनोग्राफींना तोच असावा. पुष्कळ रिपोर्टांवर ते नसतं.

माझं मत विचाराल तर नागपूरच्या मोजणीचा खरा उपयोग वादातल्या एका पळवाटेला बांध घालण्यात आहे. ‘आपल्याकडची बाळं लहानच असतात’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. निरोगी आईच्या पोटी आपल्याकडची बाळंही पुरेशी वाढतात, हे नागपूरने दाखवलं. पण एकशे अठ्ठेचाळीस सेंटीमीटर उंचीच्या, स्वतः लहानपणी अर्धपोटी राहिलेल्या बाईला त्या निवडीत जागा नव्हती. तिचं बाळ पंधराव्या सेंटाइलवर असेल तर तो आजार समजून घाबरवण्यातही अर्थ नाही.

लहान आणि खुंटलेलं

मग लहान चणीचं निरोगी बाळ आणि उपाशी पडलेलं बाळ ओळखायचं कसं? दोघांचं वजन सारखंच असू शकतं.

बाळाचं पोषण वारेतून येतं. उच्च रक्तदाब, तीव्र पंडुरोग, तंबाखू, मलेरिया, आणि आपल्या पूर्व विदर्भात विशेष करून सिकलसेल, अशा कारणांनी वारेचं काम मंदावलं की बाळ काटकसर सुरू करतं. रक्ताचा ओघ मेंदूकडे वळवतं, यकृतातला साखरेचा साठा वापरू लागतं, कातडीखाली चरबी साठवत नाही. यकृत आक्रसतं, आणि पोटाच्या घेरात सगळ्यात मोठा वाटा यकृताचाच. म्हणून पोटाचं माप आधी मागे पडतं. डोकं आणि मांडी काही काळ वेळापत्रकानुसार चालत राहतात. एरवी छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत डोक्याचा घेर पोटापेक्षा थोडा जास्तच असतो, नंतर पोट पुढे जातं. पण ही तफावत वयाच्या मानाने जास्त दिसली की डॉक्टर सावध होतात.

पुढची पायरी कलर डॉपलर. नाळेतलं रक्त कुठल्या वेगाने, कुठल्या दिशेने वाहतंय ते यात दिसतं. बाळाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्येसुद्धा रक्त वारेकडे पुढेच जात राहायला हवं. वारेतला अडथळा वाढला की तो मधला प्रवाह क्षीण होतो, मग थांबतो, आणि फार वाईट अवस्थेत उलटा फिरतो. लहान चणीच्या निरोगी बाळाचा डॉपलर नीट असतो, पाणी पुरेसं असतं आणि ते आपल्या रेषेवरून चाललेलं असतं. दहावा तर दहावा, पण दर वेळी दहाव्याच्या आसपास. साठाव्यावरून पंधराव्यावर आलेलं बाळ मात्र, दहाव्याच्या वर असूनही, जास्त काळजीचं.

नर्सबाईंची टेप

या सगळ्याच्या आधी एक फार स्वस्त तपासणी आहे आणि ती गावातच होते. आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात बाईला लघवी करून यायला सांगतात, पाठीवर झोपवतात, गर्भाशयाचं वरचं टोक हाताने चाचपतात आणि ओटीपोटाखालच्या हाडापासून तिथपर्यंत शिवणकामाची टेप धरतात. साधारण चोविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत जितके आठवडे तितके सेंटीमीटर, एक-दोन इकडे-तिकडे. तीन किंवा जास्त सेंटीमीटरने कमी भरलं तर सोनोग्राफीला पाठवायचं. अनुभवी नर्सबाई टेप उलटी धरतात, आकड्यांची बाजू खाली, आणि माप घेतल्यावर मग पलटून वाचतात. पडद्यावरचा आकडा लपवण्यामागे जो विचार होता, तोच इथेही.

टेपला बाळ जाड की बारीक हे कळत नाही, पाणी जास्त की कमी तेही नाही. पुष्कळ खुंटलेली बाळं तिच्या नजरेतून सुटतात. पण दर महिन्याला तेच माप, त्याच हाताने घेतलेलं, कार्डावर ओळीने लिहिलेलं असेल तर ती ओळ कुठे रेंगाळली ते दिसतं. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत आणि केंद्रांत सुरक्षित मातृत्व अभियानाखाली चौथ्या महिन्यापासूनच्या गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. डॉक्टरांपुढे ही ओळ ठेवायची ती संधी.

फॉर्म ‘एफ’ आणि एक गैरसमज

सोनोग्राफीआधी ओळखपत्र मागतात, सह्या घेतात, फॉर्म ‘एफ’ भरतात. गर्भलिंग निदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा कायदा केला, केंद्राचा १९९४ चा. सोनोग्राफी कुठल्या कारणासाठी करता येते, त्याची यादी त्या फॉर्मवर असते. बाळाचं वय काढणं आणि वाढ-वजन तपासणं ही दोन्ही कारणं त्यात आहेत. वाढीच्या सोनोग्राफीला संकोचण्याचं कारण नाही. मुलगे जन्मतः सरासरीने थोडे वजनदार असतात हे खरं, पण पोटातल्या वाढीचे इथे वापरले जाणारे तक्ते मुलगा-मुलगी दोघांना एकच आहेत. वाढ मोजायला लिंग कळावं लागत नाही.

पुन्हा कधी?

शेवटचा प्रश्न घाईचा. ‘बाळ थोडं लहान आहे, तीन आठवड्यांनी या’ असं ऐकलं की घरच्यांना तीन आठवडे जात नाहीत. दहा दिवसांत दुसऱ्या केंद्रात जाऊन सोनोग्राफी होते, तिथे वजन दोनशे ग्रॅमने कमी निघतं आणि घरात रडारड होते. किंवा तीनशेने जास्त निघतं आणि सगळे निर्धास्त होतात. दोन्ही चूक. शेवटच्या तिमाहीत पोटाचा घेर आठवड्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, आणि दोन वेगळ्या हातांनी, दोन वेगळ्या यंत्रांवर तेच पोट मोजलं तरी तेवढा फरक सहज पडतो. आठवडाभराने मोजलं तर जे दिसतं ती बाळाची वाढ की मोजणाऱ्याचा हात, हे कुणालाही सांगता येणार नाही. दोन आठवडे ही किमान मर्यादा, तीन बरे. तोवर बाळ घेरात तीनेक सेंटीमीटर पुढे गेलेलं असतं, किंवा नसतं, आणि तो फरक हाताच्या चुकीपेक्षा मोठा असल्यामुळे कागदावर स्पष्ट उमटतो. डॉपलर आणि पाणी आठवड्याला, गरज पडली तर त्याआधीही तपासतात. वजन मात्र नाही. दरम्यान बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते तीन आठवडे पाळायचे नाहीत. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आणि जाताना फाइलमधला सगळ्यात जुना, बाराव्या आठवड्यातला कागद सोबत न्यायचा. नवीन डॉक्टर आधी तोच मागतील.